उभं असेल त्याचं मत

रविवार, १४ एप्रिल १९५७

अण्णांनी आमच्या कातळगाव मंडळाचं अध्यक्षपद सोडलं! गावी चालले, कायमचे. गुडघे गेले, घाटकोपरचे जिने चढवत नाहीत म्हणाले. नाही चढवत तर नाही. पण जाता जाता मला बाजूला घेऊन सांगतात, "रत्नप्रभा, आता नवा अध्यक्ष येईल. खाणावळीचं काय करायचं ते तो ठरवील."

तो ठरवील! हे गेले तेव्हा मंडळानेच मला ही मागची खोली दिली. कातळगावचे जे पुरुष इथे एकटे राहतात त्यांना दोन वेळा रांधून घाल आणि मुलीला घेऊन राहा, असं ठरलं. राहिले. सुलक्षणा बोबडं बोलत आली होती, आता आठवीत गेली. एवढी वर्षं कोणाचं पान रिकामं ठेवलं नाही मी. आणि आता मी राहायचं की जायचं ते अध्यक्ष ठरवणार. अध्यक्षाला पाच पंच ठरवणार. पंचांना पाच वाड्यांतले पुरुष ठरवणार. मला कोण विचारणार? कोणी नाही!

श्यामसुंदरचं नाव पुढे आहे असं कानावर आलं. तसं असेल तर वाट लागली.

मंगळवार, १६ एप्रिल

आला होता. श्यामसुंदरच! कधी नव्हे तो मागच्या दाराने. "काय रत्नावहिनी, बरं आहे ना?" मी म्हटलं, बरं आहे. तर हा माझ्याकडे बघतच नाही, वर आढ्याकडे बघतो, खिडकीकडे बघतो. "खोली हवेशीर आहे हो तुमची. वीस माणसं सहज झोपतील."

माझ्या खोलीत वीस माणसं! हा माहुलच्या तेलाच्या कारखान्यात मजूर पुरवतो. गावाहून पोरं आणतो आणि त्यांना टेकायला जागा शोधत हिंडतो. आता कळलं याला अध्यक्ष व्हायची एवढी घाई का ते.

धाकू भावोजींना सांगितलं. माझे सख्खे दीर, आमच्या खाजणवाडीचे पंच. विडी विझवून म्हणाले, "वयनीनू, भियाव नकात. पाचातले तिघे आमी त्येच्या विरुद्ध आसंव." त्यांनी, भंडारवाडीने आणि खालच्यावाडीने ठरवलंय म्हणे. श्यामसुंदरचं नाव आलं की हे तिघे बसून राहणार.

आपल्याकडे हात वर करत नाहीत, चिठ्ठी टाकत नाहीत. देवीच्या तसबिरीसमोर नाव घ्यायचं आणि ज्याला मान्य त्याने उभं राहायचं. गावच्या देवळात असंच चालतं, म्हणून इथेही. सातेरीसमोर उभं राहून दिलेला शब्द फिरवायचा नाही, असा दंडक. ठीक आहे. तिघे बसले की हा पडला, आणि मग दुसरं नाव येईल, नंदकिशोरचं.

शनिवार, २० एप्रिल

पंगतीत वाद. नंदकिशोर ताटावरच उसळला. पोरगा हुशार आहे, माहुललाच लेबोरेटरीत आहे, रोज माझ्याकडे जेवतो. म्हणाला, "ही पंचांची भानगडच मोडून टाकली पाहिजे यार! देऊळवाडीची मुंबईत तीन घरं, त्यांना एक पंच. खाजणवाडीचं अर्धं मंडळ, त्यांनाही एकच! हा कुठला न्याय?"

आमचे चिटणीस शरच्चंद्र, शाळेतले हेडक्लार्क, घास पूर्ण चावून मगच बोलतात. "अरे, राष्ट्रपती तरी तू निवडतोस का? पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. आमदार-खासदार मत देणार. तू नाही, मी नाही. घटना करणारे मूर्ख होते का?"

"त्या आमदाराला तरी मी निवडलंय ना!"

"पंचालाही तूच निवडतोस."

मला राहवलं नाही. आमटी वाढता वाढता म्हटलं, "आमदाराला मी पण निवडलं. रांगेत उभी राहिले, बोटाला शाई लावून घेतली. पंच निवडताना मला कोणी बोलावलं नाही."

सगळे हसले. शरच्चंद्र म्हणाले, "वहिनी, आमटी फक्कड झालीय." मेल्यांनो, मी आमटीचं बोलत होते का?

रविवार, २८ एप्रिल

माझ्या हातून झालं. माझ्याच हातून! 

आज पंचांची सभा. पुढच्या खोलीत पाच पंच देवीसमोर चटईवर आणि बाकीचे पुरुष भिंतीला टेकून. आम्ही बायका स्वयंपाकघरात. रीत अशी की सभा संपली की मी नैवेद्याचं पान घेऊन पुढे जायचं, देवीला दाखवायचं आणि मग पंगत. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, सगळं तयार होतं. स्टोव्ह भरभर पेटलेला. त्याच्या आवाजात पुढचं अक्षर ऐकू येत नव्हतं.

स्टोव्ह बंद केला. पुढे अगदी शांत. कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. मला वाटलं, झालं, संपली सभा. पदर खोचला, पान उचललं, गेले पुढे.

गेले आणि सगळे उठले. नैवेद्य आला की उठायचंच, लहानपणापासूनची सवय. धाकू भावोजी उठले, भंडारवाडीचा उठला, खालच्यावाडीचा उठला, हात जोडून. आणि शरच्चंद्र मोठ्याने म्हणाले, "पाचही उभे! श्यामसुंदर एकमताने अध्यक्ष!"

म्हणजे ती शांतता सभा संपल्याची नव्हती. श्यामसुंदरचं नाव घेऊन झालं होतं. दोघे उभे होते, आमचे तिघे ठरल्याप्रमाणे बसलेले होते, आणि शरच्चंद्र मोजायला तोंड उघडतात तोच मी पान घेऊन शिरले. मीच उठवलं त्यांना! तिघांनी तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं, तेवढं साधं काम, आणि माझ्या खिरीने ते मोडलं.

नंदकिशोर ओरडला, "अहो, ते देवीसाठी उठले! मतासाठी नाही!"

आणि श्यामसुंदर काय शांतपणे बोलला! "नंदकिशोर, माणूस का उभा राहिला ते देवीला ठाऊक. सभेने उभं कोण ते बघायचं. देवीसमोर उभं असेल त्याचं मत. चिटणीस, लिहून घ्या हे."

शरच्चंद्रांनी लिहून घेतलं.

मी भावोजींच्या तोंडाकडे बघत होते. बोला ना! एक शब्द बोला! तर ते मान खाली घालून पंगतीला बसले. नंतर मोरीशी गाठलं त्यांना. म्हणतात, "देवीसमोर उभो रवलंय, वयनीनू. आता बसलंय म्हणान कसा सांगू?"

देवीला काय कळत नाही का हो? तिला कळतं. तुम्हालाच बोलायला तोंड नाही. तीन बापई माणसं, जिभेला हाड नसतं म्हणतात, इथे जीभच नव्हती!

आणि हार घालून श्यामसुंदर पहिल्या पानावर बसला. वडे मीच वाढले. चार खाल्ले त्याने.

सोमवार, २९ एप्रिल

आज सगळ्या भाजीत मीठ जास्त पडलं. पडू दे.

सोमवार, ६ मे

शरच्चंद्र पेपर हलवत आले. आज राष्ट्रपतीचं मतदान. "बघा वहिनी, एवढा मोठा देश, पण किती शांतपणे चाललंय. थोडी शहाणी माणसं बसतात, विचार करतात, निवडतात. लाखो लोकांच्या गोंगाटात शहाणपण हरवतं."

मी म्हटलं, "आपले पाच शहाणे बसले होते तेव्हा खिरीच्या वासाने उठले."

त्यांना राग आला. दुपारचं जेवायला आले नाहीत. एक पान कमी, बरंच झालं.

पण ते गेल्यावर विचार करत राहिले. राष्ट्रपती कोणी का निवडेना, तो काही माझी चूल काढायला येत नाही. त्याच्या आणि माझ्या मधे खूप माणसं आहेत. अध्यक्षाच्या आणि माझ्या मधे एक दार आहे, तेही लोटलेलं. ज्याचा हात थेट माझ्या ताटापर्यंत पोचतो त्याला निवडायला मधे पंच कशाला? मी हेच शरच्चंद्रांना म्हणायला हवं होतं. नेमकं बोलायचं ते माणूस गेल्यावर सुचतं.

रविवार, १२ मे

श्यामसुंदर सांगून गेला. गणपतीपर्यंत खोली मोकळी करा. "दुसरीकडे सोय बघू तुमची, वहिनी. मंडळ काही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." कुठे? कोण बघणार? "बघू हो."

सुलक्षणा उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "आई, मग माझी शाळा?" मी तिच्यावरच खेकसले. पोरीवर! नंतर तिला जवळ घेतलं तर अंग चोरून बसली.

आणि हा राग कोणावर काढू? भावोजी वरणभात कालवत म्हणतात, "बगूया." एक बघू, दुसरा बगूया.

रविवार, १९ मे

नंदकिशोर उत्साहात. त्याने ठराव केला आहे. पंचपद्धत रद्द करा, सभासदांनी अध्यक्ष थेट निवडावा, नव्याने निवडणूक घ्यावी. मंडळाचे नियम बदलायचे तर सगळ्यांची सभा लागते, पंचांची चालत नाही. लोक मे महिन्यात गावी गेलेत, म्हणून सोळा जूनला.

मी हरखून गेले. त्याच्या पानात तूप जास्त घातलं. म्हटलं, "म्हणजे आम्हालाही मत?"

तो घुटमळला. "वहिनी... म्हणजे... सभासद म्हणजे पुरुषच ना सध्या. एकदम सगळं मागितलं तर लोक बिथरतील. आधी पंच तर जाऊ दे. पहिली पायरी. बायकांचं नंतर बघू."

हाही बघू!

मी विचारलं, "मग तुझ्या थेट मताचा मला काय उपयोग? आधी पाच जण माझ्यासाठी ठरवत होते, आता पन्नास जण ठरवतील. चुलीवर मीच!"

"असं काय करता वहिनी? मी तुमच्याच बाजूचा ना?"

माझ्या बाजूचा म्हणे. माझ्या बाजूला उभं राहायला जागा तरी कुठे आहे? एका बाजूला स्टोव्ह आणि दुसऱ्या बाजूला मोरी. तूप परत काढून घेता येत नाही म्हणून राहिलं.

रविवार, २ जून

आता दोन पक्ष पडलेत. पंच काढूनच टाका म्हणणारे आणि पंच सुधारा म्हणणारे. शरच्चंद्रांचा वेगळा ठराव आहे. मोठ्या वाडीला दोन पंच द्यावेत, आणि पंचाने आपल्या वाडीला विचारूनच उभं राहावं. "मोडायला अक्कल लागत नाही, सुधारायला लागते," असं म्हणतात.

भावोजी सुधारणेच्या बाजूचे! आमच्या वाडीला दोन पंच मिळतील, म्हणजे आपलं पंचपण टिकतं ना! म्हटलं, भावोजी, मागच्या वेळी खाजणवाडीला दोन पंच असते तर काय झालं असतं? पाचाऐवजी सहा जण उठले असते. कुजक्या फळीला नवा खिळा मारून घर उभं राहतं का?

ते म्हणाले, "पंच म्हटल्यार मान आसता, वयनीनू. बापाशीचो मान तो."

माझ्या सासऱ्यांचा मान. ते बारीक तोंड बघून पुढे काही बोलवेना. पण राग गेला नाही. मानाने सुलक्षणाची शाळा चालत नाही.

गुरुवार, १३ जून

वनमाला काकी आल्या, रविवारी वड्यांना हात लावायला येते सांगायला. या श्यामसुंदरच्या सख्ख्या काकी. त्याची आई लवकर गेली, यांनीच वाढवला त्याला. मी मुद्दाम त्यांच्यासमोर काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "तुझी खोली काडूक निघालो मां तो? लाज नाय मेल्याक. आमी गावच्यो बायका खंय जेवाक बसूची मगे?"

खरंच की. माहेरवाशीण आली, बाळंतीण डॉक्टरकडे आली, कोणाची सासू मोतीबिंदूला आली, तर सगळ्या माझ्याच खोलीत टेकतात. पुढच्या खोलीत पुरुष. मंडळाच्या इतक्या जागेत बायकांनी बसावं अशी हीच एक. हे मला आजवर सुचलंच नव्हतं. मी आपली माझीच खोली, माझीच खोली करत होते.

रविवार, १६ जून

सगळं लिहून ठेवते, जसं झालं तसं.

खोली गच्च. माहुलची पोरं, कुर्ल्याच्या गिरणीतले, अंधेरी-जोगेश्वरीहून आलेले, सगळे पुरुष चटयांवर. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आत चुली, बाहेर पुरुष, मधल्या उंबऱ्यावर आम्ही दाटीवाटीने. बसायला सांगायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

श्यामसुंदर पहिल्यांदाच म्हणाला, "नैवेद्य आधी दाखवून घ्या. मागच्यासारखा घोळ नको."

घोळ! त्याच्याच तोंडून! मी पान नेलं, सगळे उठले, हात जोडले, बसले. मी परत दारात येऊन उभी राहिले. कानशिलं तापली होती.

शरच्चंद्रांचा ठराव आला. काही उठले, बरेच बसले. पडला. मग नंदकिशोर बोलायला उठला. बोलला झकास, मी नाही म्हणणार नाही. लोकशाही, न्याय, एक माणूस एक मत. माझ्या शेजारी वनमाला काकी पुटपुटल्या, "आनि बायल माणूस नाय?"

"ज्यांना मान्य त्यांनी उभं राहावं." माहुलची पोरं तटकन उठली. खाजणवाडीचे काही उठले. भावोजी बसलेले. भंडारवाडी बसलेली. शरच्चंद्रांनी बोट फिरवत मोजलं. उभे कमी, बसलेले जास्त. फार नाही, पण जास्त.

श्यामसुंदर हसला. "ठराव पडला. पंगत घ्या."

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. "शरच्चंद्रभाऊ, मोजणी अर्धीच झाली. आम्ही उभ्या आहोत."

सगळे माझ्याकडे वळले. कोणीतरी खिदळलं. शरच्चंद्र म्हणाले, "वहिनी, चेष्टेची वेळ नाही ही."

"चेष्टा नाही. एप्रिलमध्ये तुम्हीच लिहून घेतलंत. का उभा ते बघायचं नाही, कोण उभं ते बघायचं. देवीसमोर उभं असेल त्याचं मत. ती बघा देवी. आम्ही तिच्यासमोर उभ्या आहोत. मोजा! आम्हाला मोजायचं नसेल तर एप्रिलची मोजणी पण पुसा. आत्ताच अध्यक्ष म्हणाले ना, तो घोळ होता!"

श्यामसुंदरचं हसू गेलं. "बायका सभासद नाहीत."

तेव्हा वनमाला काकींनी उंबरा ओलांडला. पीठ लागलेले हात तसेच. थेट चटईवर, पुरुषांच्या मधे. "वर्गणी घराची जाता रे, घोवाची एकट्याची नाय. आनि आमका बसाक जागा खंय दिलात? उभ्योच तर आसंव जलमभर. मोज आता!"

त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. आम्ही सगळ्या. देवीसमोर उभ्या.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. नंदकिशोर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "वहिनी, आत्ता नको हो! ठरावाचं हसं होईल!"

तुझा ठराव मेला होता रे! मेलेल्याचं काय हसं?

शरच्चंद्र श्यामसुंदरकडे बघत होते, श्यामसुंदर काकींकडे. ज्या बाईने न्हाऊ-माखू घातलं तिला "बस खाली" म्हणायची छाती त्याला झाली नाही. आणि आम्हाला मोजलं नाही तर त्याचा स्वतःचा हारही उतरतो, हे तेवढ्यात त्याला कळलं होतं. बघितलंय मी त्याचं तोंड.

मग भावोजी उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आज नैवेद्य नव्हता, कोणी ढकललं नव्हतं. "वयनी उभी आसा," म्हणाले, "माका बसाक जमाचा नाय." पंचपण स्वतःच्या हाताने घालवलं त्यांनी. मला रडू आलं. एवढा वेळ नव्हतं आलं.

शरच्चंद्रांनी पुन्हा मोजलं. बायकांसकट. ठराव पास झाला! पंच गेले. आणि आज ज्यांना मोजलं ते सगळे मतदार, असं त्यांनी स्वतःच लिहिलं, कपाळाला आठ्या घालून. तीस जूनला निवडणूक. श्यामसुंदर आणि नंदकिशोर.

पोरांनी नंदकिशोरला उचललं. हार त्याच्या गळ्यात. असू दे. आम्ही वडे तळायला आत गेलो, तेल तापलं होतं.

बुधवार, १९ जून

नंदकिशोरने अजून एक शब्द काढला नाही. जेवतो, हात धुतो, जातो. "थँक्यू वहिनी" तरी?

रविवार, २३ जून

मतदानाची पद्धत ठरली. देशाच्या निवडणुकीसारखीच, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. पेट्या कुठून आणणार? माझे तांदळाचे दोन डबे घेतले. एकावर दिव्याचं चित्र, नंदकिशोरचं. दुसऱ्यावर नांगर, श्यामसुंदरचा. पडद्यामागे जायचं आणि हवं त्या डब्यात सुपारी टाकायची. आता कोणी कोणासाठी उठायला नको, बसायला नको.

हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून ठरलं, माझ्या डब्यांवर. आणि जाता जाता नंदकिशोर भावोजींना सांगतो, मला ऐकू येतंय याचं भानही नाही. "निवडून आलो की मागच्या खोलीत वाचनालय करू या. पेपर, मासिकं, पोरांना अभ्यासाला टेबल. खाणावळ काय, पडवीत पण चालेल. पत्रा टाकू."

पडवीत! पावसाळ्यात! पत्र्याखाली! आणि सुलक्षणा कुठे झोपणार, मासिकांवर? गावच्या बाळंतिणी कुठे बसणार?

भावोजी म्हणाले, "वयनीक इचार."

"वहिनींचं मत आपलंच आहे हो. त्यांना काय विचारायचं?"

पोळपाट असा आपटला मी की सुलक्षणा दचकली.

बुधवार, २६ जून

दुपारी श्यामसुंदर आला. मागच्या दारात उभा. मी कांदे चिरत होते, मान वर केली नाही.

"वहिनी, मत मागायला आलोय."

मी चिरतच राहिले. उभा राहू दे. आम्ही जन्मभर उभ्या आहोत, याला थोडं कळू दे.

"काकीकडे जाऊन आलो. भंडारवाडीच्या बायकांकडे गेलो. सगळ्या एकच म्हणतात, खोलीचं आधी बोल. मला नव्हतं माहीत, वहिनी, बायका इथे येतात ते. कधी लक्षच गेलं नाही."

"लक्ष आढ्याकडे होतं तुमचं."

मग म्हणाला, "खोली राहील. खाणावळही."

"हे इथे नको. पुढे चला."

गेला. मी काकींना हाक मारली, शेजारच्या बायकांना बोलावलं. देवीसमोर उभं राहून बोलायला लावलं त्याला. मी असेपर्यंत ही खोली माझी, आणि माझ्यामागे गावच्या बायकांची. बोलला. घाम पुसत बोलला. देवीसमोर उभं राहून दिलेला शब्द, आता का दिला ते देवीला ठाऊक. आम्ही उभं कोण ते बघितलं.

माणूस आवडत नाही मला. अजूनही नाही. वीस माणसं झोपवणार होता इथे. मतासाठीच आला, प्रेमाने नाही आला. पण आला. पंच असते तर याने माझं दार कशाला बघितलं असतं?

शनिवार, २९ जून

दिवसभर वाट बघितली. नंदकिशोर दोन वेळा जेवून गेला. सकाळी म्हणाला, डाळ जरा पातळ होती. संध्याकाळी काहीच म्हणाला नाही. मी मुद्दाम त्याच्या पानाशी रेंगाळले. एकदा विचार रे. एकदाच. पडवीचं मागे घे, नाहीतर नको घेऊस, पण विचार तरी.

रविवार, ३० जून

श्यामसुंदर निवडून आला. माझी सुपारी नांगराच्या डब्यात.

पंगतीत नंदकिशोरचा घास उतरेना. पानाकडे बघत म्हणाला, "वहिनी, आपल्यातलं कोण फुटलं असेल हो?"

मी त्याच्या पानात आणखी एक वडा वाढला.